जनरलच्या हातात दाताळं

"हरायचं म्हणजे नुसती मान खाली घालायची नाही, झानिस यानोविच!" दिग्दर्शक गेनादी कॅमेऱ्यामागून ओरडले. "तुमचं साम्राज्य बुडतंय. तुम्ही एवढी वर्षं ज्याच्यासाठी लढलात ते सगळं थोतांड होतं, हे तुम्हाला आत्ता, या खिडकीपाशी कळतंय. आणि तुम्ही घड्याळ बघताय? बस चुकतेय का तुमची?"

खिडकीपाशी उभ्या असलेल्या जर्मन जनरलनं मनगट घाईघाईनं बाहीत ओढून घेतलं. छातीवर पदकं, कमरेला पट्टा, गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट आणि चेहरा मात्र तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा. हवेलीतल्या त्या खोलीच्या दाराशी उभी असलेली वेल्टा मुठीतल्या गाडीच्या किल्ल्या गच्च धरून वडिलांकडे बघत होती. दुपारपर्यंत मोकळं करतो, असं दिग्दर्शकांनी सकाळी सांगितलं होतं. दुपार झाली होती.

रीगाच्या रंगभूमीवर झानिसनी राजे केले होते, कंजूष शेठजी केले होते, एकदा तर शहाण्या गाढवाचंही काम केलं होतं. पण सिनेमावाल्यांना त्यांच्या उंचीत आणि त्या पांढऱ्या भुवयांत जर्मन जनरलच दिसायचा. मॉस्को-लेनिनग्राडला युद्धपट निघाला की जर्मन पुरवायचं काम लाटव्हियाकडे येई, जसं लोणी आणि रेडिओ पुरवायचं येई तसं. झानिस विष घेऊन मेले होते, पुलासकट उडाले होते, आपल्याच हाताखालच्या माणसाच्या गोळीनं पडले होते. या खेपेचा जनरल वेगळा होता. तो ओरडत नव्हता, कुणाला मारत नव्हता. त्याचा सगळ्यावरचा विश्वास उडाला होता आणि तो फक्त खिडकीतून बाहेर बघत होता. मार्चमध्ये चाचणी घेताना झानिसचा चेहरा पाहून दिग्दर्शकांना भरून आलं होतं. "केवढी तयारी!" ते म्हणाले होते.

ती तयारी नव्हती. जानेवारीत त्यांची बायको एर्ना गेली होती.

वेल्टाला ते ठाऊक होतं आणि आणखीही एक ठाऊक होतं. आईला पोचवून आल्यापासून बाबा एकदाही स्मशानात गेले नव्हते. आधी बर्फ होतं. मग तालमी होत्या. मग पाठ धरली. मग हे चित्रीकरण आलं. आज मात्र सुटका नव्हती. आज आईच्या गावी स्मशानाचा सण होता. वर्षभरात गेलेल्यांची नावं त्या दिवशी सगळ्या गावासमोर वाचतात, आणि नाव वाचताना घरचं माणूस थडग्यापाशी उभं असावं लागतं. त्यात आउस्त्रा मावशीचा आदल्या दिवशी फोन आला होता.

"वाळू मी अंथरलीय," मावशी म्हणाली होती. "पांढरी, ओढ्याची, चाळून. पण दाताळं मी फिरवणार नाही. पहिल्या वर्षाचं दाताळं नवऱ्यानं फिरवायचं. तो आला नाही तर वाळू तशीच राहील. बघू दे गावाला."

त्या भागात थडग्यावरच्या वाळूत दाताळ्याच्या सरळ रेघा नसल्या, तर त्याचा अर्थ एकच होता: याच्या मागे कुणी उरलेलं नाही.

"थांबा!" दिग्दर्शकांनी हात झटकले. "अर्धा तास विश्रांती. जनरलसाहेब, तोवर जरा निराश होऊन या."

झानिस कपडे बदलायला अंगणात गेले आणि तसेच परत आले. कपडेपटाची गाडी पेट्रोल भरायला तालुक्याला गेली होती. झानिसचा काळा सूट त्याच गाडीत, खुंटीला टांगलेला होता.

"राहिलंच मग," झानिस म्हणाले. "काय करणार! असा अवतार घेऊन मी स्मशानात कसा येऊ? तूच सांग." आवाज दुःखी होता, पण खांदे सैल पडले होते. झानिसना ती पडत्या फळाची आज्ञाच वाटली होती. पाठ धरल्याचं सांगताना त्यांचे खांदे असेच सैल पडले होते, हे वेल्टाच्या लक्षात होतं.

"बाबा, गाडीत बसा."

"अगं वेल्टा, मी जर्मन आहे!"

"तुम्ही आईचे नवरे आहात. बसा."

वेल्टा ग्रंथालयात काम करणारी, कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारी मुलगी. तिनं जनरलला हुकूम सोडला आणि जनरल निमूट गाडीत जाऊन बसला. नाही तरी गेल्या कित्येक चित्रपटांत त्यांना दिग्दर्शकांचे हुकूम पाळायचीच सवय झाली होती.

बेत साधा होता. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या मोस्क्विच गाडीत मागच्या सीटवर थडग्यावरच्या फुलांना पाणी घालायची झारी होती आणि एक चौकड्यांची शाल होती. ती बाबांच्या खांद्यावरून गळ्यापर्यंत लपेटायची, टोपी सीटखाली सरकवायची, स्मशानाच्या मागच्या फाटकातून आत जायचं. आईचं थडगं मागच्या भिंतीलगतच होतं. दाताळं फिरवायचं, नाव ऐकायचं, परत यायचं. कुणाला पत्ता लागणार नव्हता.

"उकडतंय गं," शालीतून आवाज आला. जुलै महिना होता.

"सोसा."

"बुटांचं काय? ते दोघांनी ओढल्याशिवाय निघत नाहीत."

"गवतात दिसणार नाहीत."

"एर्नाला हे बूट कधी आवडले नाहीत," झानिस म्हणाले. जानेवारीनंतर त्यांच्या तोंडून आईचं नाव वेल्टा पहिल्यांदा ऐकत होती. तिनं गाडीचा वेग तेवढा वाढवला, आणि तिथंच घोटाळा झाला.

वळणावर वाहतूक हवालदार उभा होता. त्यानं काठी आडवी केली.

"घाई कसली एवढी, बाई? कागद काढा." हवालदारानं कागद घेतले, मागच्या सीटकडे नजर टाकली, पुन्हा कागदांत बघितलं, आणि मग मान वळवून मागच्या सीटकडे बघतच राहिला. गाडी थांबवताना बसलेल्या धक्क्यानं शाल खाली घसरली होती. घामानं निथळणारा एक जर्मन जनरल, मांडीवर पाण्याची झारी घेऊन, त्याच्याकडे केविलवाणं हसत होता.

"नट आहेत ते," वेल्टा घाईनं म्हणाली. "चित्रीकरण चालू आहे."

हवालदाराचा चेहरा उजळला. "अहो, तुम्ही! थांबा, थांबा, सांगू नका. त्या तळघरात विष घेतलंत ते तुम्हीच ना?"

"हो. विष," झानिस नम्रपणे म्हणाले. "पुलावर उडालेलाही मीच."

"अरे वा! माझी आई तुमचा इतका तिरस्कार करते!" हवालदार प्रेमानं म्हणाला. "तुम्ही पडद्यावर आलात की शिव्या घालते. पूर्ण सिनेमाभर!"

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

"नक्की सांगतो. आणि निघालात कुठं असे?"

वेल्टानं सांगितलं. हवालदारानं टोपी काढली, पुन्हा घातली. "मग उशीर होऊन कसं चालेल? माझ्या मागून या."

"नको, नको, आम्ही गुपचूप..."

"बाई, आईबापाच्या कामाला गुपचूप कशाला?" एवढं म्हणून त्यानं मोटारसायकलला लाथ मारली, भोंगा लावला आणि तो धुरळा उडवत पुढे निघाला. मागच्या फाटकाची वाट आली आणि गेली. हवालदार मोठ्या फाटकाकडे वळला होता.

आता, मोठ्या फाटकापाशी गावचा वाजंत्री ताफा तासभर ताटकळत उभा होता. भाषणाला जिल्ह्याहून एक साहेब यायचे होते. साहेब अजून आले नव्हते. ताफ्याच्या म्होरक्याला एवढंच सांगून ठेवलं होतं की साहेबांच्या पुढे मोटारसायकल असेल. ती दिसली की वाजवायला लागायचं. भोंगा ऐकू आला, मोटारसायकल दिसली, म्होरक्यानं हात उचलला. ताशा कडाडला, पितळी कर्णे झळकले. फुलं घेऊन उभं असलेलं सगळं गाव फाटकाकडे वळलं. गाडी थांबली. हवालदारानं खाडकन सलाम ठोकून मागचं दार उघडलं.

आधी एक बूट बाहेर आला. मग दुसरा. मग झारी. मग अखंड जर्मन जनरल.

एकेक वाद्य गप्प होत गेलं. सगळ्यांत शेवटचा मोठा कर्णा मात्र डोळे मिटून वाजवणाऱ्या एका जाड्या माणसाच्या हाती होता. तो बराच वेळ एकटाच वाजत राहिला. कुणी तरी त्याच्या कोपराला धक्का दिल्यावर शांतता पसरली.

त्या शांततेत काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला एक म्हातारा स्पष्ट बोलला. "एक्केचाळीस साली येताना पाहिले, चव्वेचाळीस साली जाताना पाहिले. झारी घेऊन आलेला हा पहिलाच."

वेल्टाला वाटलं, धरणी दुभंगावी. निदान एवढ्या सगळ्या थडग्यांत एखादं रिकामं असावं. पण गर्दी बाजूला सारत आउस्त्रा मावशी येत होती. काळा पोषाख, काळा रुमाल, हातात दाताळं. मावशी बहिणीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी, आणि झानिसशी लग्न करू नकोस म्हणून बहिणीला सांगणारी पहिली. तिनं झानिसना टोपीच्या जागेपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"या जावईबापू," ती म्हणाली. "लढाई हरून आलात की अजून वेळ आहे?"

"आउस्त्रा, कपडे गाडीत राहिले. म्हणजे कपडेपटाची गाडी..."

"कपड्यांचं कोण विचारतंय? सहा महिने झाले. सहा महिन्यांत तुझे सगळे कपडे गाडीतच होते का?"

मावशीनं दाताळं त्यांच्या हातात कोंबलं. "चल. मास्तर नावं वाचायला लागतील."

साहेब येण्याची आशा सोडून शाळेच्या मास्तरांनी नावं वाचायला घेतलीच होती. वेल्टा वडिलांच्या मागून चालली. पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या थडग्यांवर पांढरी वाळू अंथरलेली होती, तिच्यावर दाताळ्याच्या बारीक रेघा होत्या, कुठं सरळ, कुठं माशाच्या काट्यासारख्या. भिंतीलगत, बर्चच्या झाडाखाली, एकाच थडग्यावरची वाळू कोरी होती.

झानिस तिच्यासमोर उभे राहिले. किती तरी वेळ नुसते उभे राहिले. वेल्टाच्या मनात आलं, आता ते वळतील, पाठ धरली म्हणतील. मग त्यांनी वाकायचा प्रयत्न केला. तंग विजारीनं वाकू दिलं नाही. त्यांनी पट्टा सैल केला, पाय फाकवले आणि थडग्याच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. एक ओढ. मागे एक पाऊल. दुसरी ओढ. रेघ वाकडी गेली.

"पुन्हा काढ," मावशी म्हणाली. "तिला वाकडं खपत नसे."

त्यांनी पुन्हा काढली. पदकं खणखणत होती. त्यांतला एक लोखंडी क्रूस सुटून वाळूत पडला. तो त्यांनी उचलून झारीत टाकला. शेवटची रेघ पुरी होते न होते तोच मास्तरांचा आवाज आला: "एर्ना लीकने."

तीन आठवडे हवेलीत झानिसना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: नाव ऐकताच टाचा जुळल्या पाहिजेत. टाचा जुळल्या. खाड्! बंदुकीच्या बारासारखा आवाज सगळ्या स्मशानात घुमला. बर्चवरचे कावळे उडाले. दाताळं खांद्याला लावून, छाती पुढे काढून, हनुवटी वर करून जर्मन सैन्याचा जनरल एर्ना लीकनेच्या थडग्यासमोर ताठ उभा होता.

पहिल्यांदा मावशीच्या नाकातून आवाज आला. तिनं रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले होते. "अगं बाई," ती कशीबशी म्हणाली, "एर्ना असती ना, तर इथंच फतकल मारून हसली असती."

"मुतली असती हसून," झानिस म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज फुटला, आणि मग ते हसत होते की रडत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वेल्टानं त्यांचा हात धरला. सहा महिने ती या माणसाच्या घरी रोज फोन करून "जेवलात का?" विचारत होती. आज विचारायची गरज नव्हती. तिचेही गाल ओले झाले होते आणि तिला खूप दिवसांनी पोटभर श्वास घेता येत होता.

तेवढ्यात फाटकापाशी चित्रपटवाल्यांची गाडी करकचून थांबली.

"माझा जनरल!" दिग्दर्शक गाडीतून उतरतानाच ओरडत होते. त्यांच्या मागून कॅमेरावाला, आणि त्याच्या मागून सैनिकी सल्लागार, निवृत्त कर्नल पाखोमव. कर्नलांचा चेहरा लालबुंद झाला होता. "शत्रूचा गणवेश! सार्वजनिक ठिकाणी! परवानगीशिवाय!" तिघंही पायवाट सोडून झानिसच्या दिशेनं सरळ रेषेत धावले. सरळ रेषेत थडग्यांच्या दोन रांगा होत्या. गर्दीतून "आऽऽ" असा एकच आवाज उठला.

दिग्दर्शक झानिसपासून थोड्या अंतरावर खिळून उभे राहिले. दाताळं धरलेले हात, ओला चेहरा, मागे भिंत, बर्चच्या पानांतून पडणारं ऊन. "हलू नका," ते कुजबुजले. "देवाशपथ, हलू नका. हेच! तीन आठवडे मी हेच मागतोय! कॅमेरा लाव रे! जरा डावीकडून..."

कॅमेरावाला डावीकडे सरकला. डावीकडे गिरणीवाल्याच्या आजीचं थडगं होतं. दाताळ्याचा दांडा त्याच्या छातीसमोर आडवा आला. मावशीनं तो झानिसच्या हातून घेतला होता.

"मागे बघा," मावशी म्हणाली.

तिघांनी मागे बघितलं. रेघा काढलेल्या वाळूतून फाटकापासून इथपर्यंत तीन माणसांच्या बुटांचे ठसे आले होते. दोन्ही बाजूंना गाव फुलं घेऊन उभं होतं.

"बाई, फक्त एक मिनिट," दिग्दर्शक काकुळतीला आले. "ऊन जाईल हो!"

"ऊन उद्या आपलं आपण येतं. वाळूच्या रेघा आपल्या आपण येत नाहीत. आलात तसे निघा, पण उलटे. ज्याचं पाऊल त्यानं पुसायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे हे घ्या." तोवर तीन बाजूंनी तीन दाताळी पुढे झाली होती.

दिग्दर्शकांनी मदतीच्या आशेनं कर्नलांकडे पाहिलं. पण कर्नल पाखोमवनी टोपी काढून काखेत मारली होती. "माझी माणसं कुठं कुठं पुरलीयत," ते हळू म्हणाले, "तिथं कुणी दाताळं फिरवतं की नाही, मला माहीत नाही." आणि कोट काढून एका बाईच्या हातात देऊन, ते वाकले.

लाटव्हियाच्या त्या कोपऱ्यानं अनेक सैन्यांची माघार पाहिली होती. इतकी नीटनेटकी कधीच नाही. पुढे कर्नल, मध्ये दिग्दर्शक, शेवटी गळ्यात कॅमेरा अडकवलेला कॅमेरावाला, तिघंही उलट्या पावलांनी, एकेक रेघ ओढत फाटकाकडे सरकत होते. जर्मन जनरल पायवाटेवर उभा राहून सूचना देत होता. "उजवीकडे, गेनादी आर्कादियेविच. दाबू नका, नुसतं ओढा. वाकडी गेली. पुन्हा." झानिसच्या कारकिर्दीत त्यांचे हुकूम पहिल्यांदाच कुणी तरी ऐकत होतं.

जिल्ह्याचे साहेब शेवटी आले ते मोटारसायकलीशिवाय, आणि ताफ्यानं त्यांच्यासाठी काहीच वाजवलं नाही.

नंतर मावशीच्या अंगणात टेबलं मांडली. खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे भरलेले गरम पाव, शहाजिऱ्याचं चीज, घरची बिअर. कर्नल आणि चव्वेचाळीस सालचा तो म्हातारा शेजारी शेजारी बसून कुठल्या तरी पुलावरून भांडत होते. दिग्दर्शकांनी आठवा पाव उचलला आणि "पण तो चेहरा! तो चेहरा!" असं पुन्हा एकदा म्हटलं. बूट काढायला मावशी आणि हवालदार अशा दोघांना लागावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झानिस पुन्हा खिडकीपाशी उभे राहिले. गणवेश तोच, पदकं तीच, क्रूससुद्धा झारीतून काढून पुन्हा लावलेला. दिग्दर्शकांनी पाच वेळा कॅमेरा चालू केला, पाच वेळा बंद केला.

"झानिस यानोविच, काय झालंय तुम्हाला? तुमच्या चेहऱ्यावरून काही तरी गेलंय."

"हो," झानिस म्हणाले. "मलाही तसंच वाटतंय."

"ते परत आणा!"

"नाही जमणार," ते दिलगिरीनं म्हणाले, आणि ओठ आवळता आवळता त्यांना कालच्या टाचा आठवल्या आणि हसू आवरेना. दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला आणि कॅमेरा उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्या पाठीमागे नेला.

चित्रपट पुढच्या वसंतात रीगात लागला. वेल्टा आणि बाबा पहिल्याच आठवड्यात, साध्या तिकिटावर, मधल्या रांगेत जाऊन बसले. वर्तमानपत्रांनी त्या शेवटच्या दृश्याची तोंडभरून स्तुती केली होती: शत्रूच्या सेनापतीचा भ्रमनिरास दिग्दर्शकानं चेहरा न दाखवता, केवळ पाठमोऱ्या आकृतीतून उभा केला आहे, ते मूक हुंदके विसरता येणार नाहीत.

ते दृश्य आलं. खिडकी. खिडकीतून येणारा उजेड. काळी पाठ. हळूहळू खांदे हलायला लागले, मग पाठ हलायला लागली, मग एक हात वर जाऊन तोंडावर दाबला गेला.

"रडतोय असं वाटतंय का गं?" बाबांनी कानाशी विचारलं.

"हो, बाबा."

"खरंच?"

पुढच्या रांगेतली एक म्हातारी हुंदके देत होती. पर्स चाचपून तिला रुमाल सापडेना. झानिसनी खिशातला रुमाल काढला आणि पुढे वाकून दिला. म्हातारीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं, "देव भलं करो तुमचं," म्हणाली, डोळे पुसले, आणि पुन्हा पडद्यावरच्या त्या पाठीकडे बघत रडू लागली.